डोंगर तोलणारे अप्पा

डोंगरावर जायच्या आदल्या दिवशी अप्पा आम्हा सगळ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या दुकानात मागवून घ्यायचे आणि तागडीत घालून तोलायचे. दुकानात बटणांचा काटा होता. त्यावर दिवसभर साखर, शेंगदाणे, तूरडाळ तोलली जायची. पण डोंगराच्या पिशव्यांना छताच्या आकड्याला टांगलेली जुनी लोखंडी तागडीच लागायची. एका पारड्यात अडीच किलोची मापं, दुसऱ्यात पिशवी. पिशवीचं पारडं खाली गेलं की अप्पा नुसते चष्म्यावरून बघायचे. मग ज्याची पिशवी त्यानंच चार गिऱ्हाइकांच्या देखत तिच्यातून एकेक वस्तू बाहेर काढायची. माझ्या पहिल्या पिशवीतून काय काय निघालं ते सगळं सांगत नाही. केस वाळवायचं यंत्र निघालं एवढंच सांगते. अप्पांनी ते दोन बोटांत धरून उलटसुलट करून पाहिलं.

"हे कावून घेतलंस?"

"केस ओले राहिले तर…"

"डोंगरावर वारं कमी हाय का?" असं म्हणून त्यांनी ते शेंगदाण्याच्या पोत्यावर ठेवलं आणि परत येईपर्यंत ते तिथंच राहिलं.

पाणी मात्र वजनात धरायचं नाही, असा त्यांचा नियम होता. माणशी तीन लिटर, वेगळं. "बाकी सगळं हौस हाय. पानी हौस न्हाई," असं ते दरवेळी सांगायचे, आणि दरवेळी आम्ही माना डोलवायचो.

अंबाजोगाईच्या मंडीत अप्पांचं किराणा दुकान. लिंगायत समाजात वडीलधाऱ्या माणसाला अप्पाच म्हणतात, त्यामुळे आमच्या मंडीत दहा-बारा अप्पा सहज निघतील; पण 'डोंगरवाले अप्पा' म्हटलं की लोक बरोबर त्याच दुकानाकडे बोट दाखवायचे. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटकुळे, पांढरा सदरा-पायजमा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्या पायजम्याखाली ते बूट इतके विसंगत दिसायचे की नवीन गिऱ्हाईक आधी बुटांकडे बघायचं आणि मग भाव विचारायचं. महिन्यातून एकदा, पेठ बंद असते त्या दिवशी, अप्पा बालाघाटातला एखादा डोंगर चढून यायचे. त्यांच्याबरोबर जो येईल तो. हा क्रम किती वर्षांचा होता ते त्यांना स्वतःलाही नक्की सांगता यायचं नाही.

मी त्यांच्या शेजारची. माझं झेरॉक्सचं दुकान. नवऱ्याचं घर सोडून मी नुकतीच गावी परत आले होते आणि भावानं मला हे दुकान थाटून दिलं होतं. त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांशी भांडायची. कुणी सुट्टे नाहीत म्हटलं तरी भांडायची, आणि कुणी 'ताई, घरचे कसे आहेत?' विचारलं तर जास्तच भांडायची. एकदा अप्पा कसलासा परवान्याचा कागद घेऊन आले. मी तो उलटा घातला, कोरी पानं बाहेर आली आणि वर मीच त्यांच्यावर ओरडले. अप्पांनी ती कोरी पानं गोळा केली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "झेरॉक्सबाई, तुजं वजन लई झालंय. अंगाचं म्हनत न्हाई मी. सोमवारी डोंगराला चल." तेव्हापासून मी त्यांची झेरॉक्सबाई झाले. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून शंका आहे.

आमचा कंपू नऊ जणांचा. त्यातले दोघेच इथं सांगण्याजोगे. एक कॉलेजातले प्राध्यापक, त्यांना आम्ही सर म्हणायचो; ते मोबाईलमध्ये डोंगराची उंची बघत चढायचे. दुसरे हनीफभाई, मंडीच्या तोंडाशी शिवणकाम करणारे, बोलायला लागले की दखनी आणि मराठीची सरमिसळ करणारे. सर वाटेत थांबून उंची जाहीर करायचे. अप्पा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "उंची डोंगराची हाय, वजन आपलं हाय. आपल्याला वजनाशी काम." मग ते त्या डोंगराचं वजन सांगायचे. हा अर्ध्या पोत्याचा, तो एक क्विंटलचा. उतरताना पाय थरथरायला लागले की कळायचं, अप्पांचा हिशोब सरांच्या मोबाईलपेक्षा बरोबर असतो.

चढताना त्यांचा डावा हात छातीवर असायचा. दम लागतो म्हणून नाही. लिंगायत माणूस गळ्यात इष्टलिंग बाळगतो, चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. त्याला लहानपणी दीक्षेत मिळालेलं लिंग मरेपर्यंत त्याच्या अंगावर राहतं आणि मेल्यावर त्याच्याबरोबर मातीत जातं. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. खडकावरून उडी मारताना ती डबी छातीवर आपटू नये म्हणून अप्पांचा हात तिथं. पहिल्या वेळी मी विचारलं होतं, "अप्पा, डबीसकट तुमचं वजन किती?" ते म्हणाले, "हे वजनात येत न्हाई. मी ह्याला न्हेत न्हाई, हेच मला न्हेतंय."

आणखी एक खोड सांगितली पाहिजे. माथा वीस-तीस पावलांवर आला की अप्पा सगळ्यांना थांबवायचे. मागे राहिलेल्यांची वाट बघायची. सगळे जमले की सर्वांत शेवटी जो पोचला असेल, त्याला पुढं घालायचं. माथ्यावर पहिलं पाऊल त्याचं. पहिल्या वर्षी ते पाऊल प्रत्येक वेळी माझंच असायचं. रडकुंडीला येऊन, चारी हातापायांवर रांगत मी वर जायची आणि मागून अप्पांचा आवाज यायचा, "शाब्बास. बघ आता, कसलं हाय ते." घरात, दुकानात, सासरी, मला कुणी कशातच कधी पुढं घातलं नव्हतं. त्या आवाजासाठी मी कोणताही डोंगर चढले असते.

वर्षातून एकदा, होळीच्या आधी, मोठा दिवस असायचा. पाटोद्याच्या बाजूला मोरांचं अभयारण्य आहे, तिथल्या सगळ्यांत उंच माथ्यावर जायचं. पहाटेच जीप काढायची, केज, नेकनूर करत मांजरसुंब्याला उजाडायचं, तिथल्या ढाब्यावर बाकीच्यांनी चहा-भजी खायची. अप्पा बाहेर बाजेवर बसून राहायचे. त्या एका दिवशी त्यांची पूजा माथ्यावर व्हायची, त्यामुळे माथ्यापर्यंत चहा नाही, पाणी नाही आणि साखरेची गोळीही नाही. "अप्पा, तुम्हाला साखर आहे, निदान घोटभर पाणी तरी…" असं मी दरवर्षी म्हणायची. "आधी त्याची अंघोळ, मग माझा चहा," ते म्हणायचे.

तो डोंगर काही फार मोठा नव्हे. पण त्या जंगलात शिरलं की आम्हा मंडीतल्या माणसांची बडबड आपोआप बंद पडायची. पानं गळून गेलेली सीताफळीची झुडपं, पांढऱ्या खोडांची सालई, पायाखाली वाळक्या पानांचा आवाज, आणि मध्येच कुठून तरी मोराची हाक. ती एका दरीतून उठायची आणि दुसऱ्या दरीतून तिला उत्तर यायचं. माथ्यावर पोचलं की समोरची जमीनच संपायची. सपाट पठार एकदम तुटलेलं, खाली पिवळी-करडी शेतं, एका बाजूला पाण्याचा लहानसा तुकडा चमकणारा, आणि वर इतकं आभाळ की मला दरवेळी खाली बसावंसं वाटायचं. एवढ्या मोठ्या जागेत आपल्या भांडणाला काय किंमत, असं वाटायचं, आणि तरी आपण इथं आलो याचा अभिमानही वाटायचा. अप्पा हात जोडून उभे राहायचे. देऊळ नाही, दगडाला शेंदूर नाही, काही नाही. कुणाला हात जोडता असं कुणी विचारलं, की ते आश्चर्यानं त्या माणसाकडेच बघायचे.

त्या वर्षी मी नवी दुर्बीण घेतली होती. पिशव्या तोलताना ती वजनात बसत नव्हती, तर मी दोन भाकऱ्या काढून ठेवल्या, पण दुर्बीण सोडली नाही. आमच्याबरोबर नेहमीप्रमाणे अभयारण्याचा वनरक्षक होता. माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. अप्पांनी कड्याच्या जवळ एक सपाट खडक निवडला, ओल्या फडक्यातली बेलाची पानं बाहेर काढली, भस्माची डबी आणि पाण्याचा तांब्या ठेवला आणि सदऱ्याच्या आतून ती चांदीची डबी बाहेर काढली. ती अजून दोऱ्यातच होती, त्यांच्या गळ्यात. नेमका त्याच वेळी मला समोरच्या उतारावर मोर दिसला. एक नाही, पाच. पिसारे ओढत एकामागून एक खडक चढणारे.

"अप्पा, आधी हे बघा! जातील ते!"

"पूजा होऊ दे बे," हनीफभाईंनी सरांना सांगितल्यासारखं करून मला सांगितलं. पण मला कुठलं ऐकायला येतंय? मी दुर्बिणीचा पट्टा अप्पांच्या गळ्यात घातलाच. अप्पांनी डोळ्याला लावली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "आगं बया बया बया," ते म्हणाले. "काय रंग हाय, बघा की!" मग सरांनी हात पुढं केला, "बघू, बघू," आणि मी घाईघाईत पट्टा अप्पांच्या डोक्यावरून ओढून काढला.

पट्टा दोऱ्यात अडकला होता. दोरा जुना होता, तुटला. डबी खडकावर पडली, एकदा वाजली, उडाली, पुन्हा एकदा वाजली आणि कड्यावरून खाली गेली. तिसरा आवाज आलाच नाही.

अप्पांनी आधी छातीला हात लावला. मग दोन्ही हातांनी गळा चाचपला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. गर्दीत हातातलं मूल सुटलेल्या माणसाचा चेहरा तसा होतो. ते कड्याकडे निघाले, तेव्हा हनीफभाईंनी त्यांना कवेत धरून मागं ओढलं.

"माझ्यामुळं गेलं, अप्पा," मी म्हणाले. "मी ओढलं."

"तुज्यामुळं न्हाई. दोरा माजा होता. बदलायला पायजे होता," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

आम्ही सगळे वळसा घालून कड्याखाली उतरलो. अप्पांजवळ फक्त वनरक्षक थांबला. कडा दोन-तीन मजली घराएवढाच होता, पण खाली घाणेरीचं काटेरी जाळं माजलेलं, मध्ये मोठमोठे दगड आणि दगडांत खोल फटी. आम्ही काठ्यांनी फांद्या उचलल्या, फटींत मोबाईलचे दिवे पाडले, पोटावर झोपून हात घातले. सरांचा सदरा फाटला. हनीफभाईंनी सुई शोधावी तसं एकेक पान उचलून बघितलं. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की कुणीच पाणी पीत नाहीये. बाटल्या भरलेल्या होत्या, ऊन डोक्यावर होतं. एकानं बाटलीचं झाकण उघडलं तेव्हा हनीफभाई शांतपणे म्हणाले, "अप्पा नै पीते तो अपन कैसा पीना, मियाँ?" त्यानं झाकण पुन्हा लावलं.

कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, अप्पा आता पिणार नाहीत. लिंग अंगावर नाही म्हणजे पूजा नाही, पूजा नाही म्हणजे अन्न नाही, पाणी नाही. सापडलं तर प्रश्न नाही. नाहीच सापडलं, तर मठात जाऊन स्वामींकडून पुन्हा दीक्षा घेईपर्यंत तसंच राहायचं. अक्कांच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या, माहेरची एक गोष्ट सगळ्या मंडीला पाठ होती. त्यांच्या आजोबांचं लिंग विहिरीत पडलं, विहीर उपसून ते हाती येईपर्यंत आजोबांनी चार दिवस जिभेला पाणी लावलं नाही. अक्का ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगायच्या. पण अक्कांच्या आजोबांना साखर नव्हती आणि ते अशा उन्हात डोंगरावर बसलेले नव्हते.

दोन-अडीच तासांनी आम्ही हात हलवत वर आलो. अप्पा खडकावर मांडी घालून बसले होते, ओठ पांढरे पडलेले, बोटं थरथरत होती. वनरक्षक हळूच म्हणाला, "साहेब, यांना चालवणार न्हाई आता. उतरायला दोन तास लागतेत." सर म्हणाले, "अप्पा, औषध म्हणून घ्या." अप्पांनी मान हलवली. मी त्यांच्यासमोर बसले आणि माझ्या नाकातून काहीतरी ऊन ऊन ओघळलं. उन्हानं घोळणा फुटला होता. ओढणी लाल झाली. सगळ्यांनी एकदम बाटल्या माझ्यापुढं केल्या.

"मी नाही पिणार," मी म्हणाले. "अप्पा पितील तेव्हा पिईन."

यात भक्ती नव्हती आणि मोठेपणाही नव्हता. माझ्या हातून जे झालं होतं, ते घेऊन मला पाणी गिळवलं नसतं, एवढंच. पण माझं बघून बाकीच्यांनीही बाटल्या खाली ठेवल्या. अप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि आमच्याकडे बघितलं. आधी माझ्याकडे. मग एकेकाकडे, सरांच्या फाटक्या सदऱ्याकडे, हनीफभाईंच्या रक्ताळलेल्या बोटांकडे. मांडून ठेवलेल्या त्या भरलेल्या बाटल्यांकडे.

"कुनीच पिलं न्हाई?" त्यांनी विचारलं.



अप्पा सरळ होऊन बसले. भस्माची डबी उघडून त्यांनी कपाळाला पुन्हा पट्टे ओढले. डावा हात पुढं घेतला, तळहात वर करून, रोज लिंग ठेवायला धरतात तसा. तो रिकामा होता. त्या रिकाम्या तळहातावर त्यांनी तांब्यातून पाण्याची बारीक धार धरली. भस्म लावलं. सुकायला आलेलं बेलाचं एक पान निवडून, देठ मोडून, त्यावर ठेवलं. आणि त्या हाताकडे असे बघत राहिले की काही क्षण मलाही वाटलं, तिथं ते आहे. दरीतून मोर ओरडला. माझ्या अंगावर काटा आला. मी देवधर्म फारसा करणारी बाई नाही, पण एवढी पूर्ण पूजा मी आजवर बघितलेली नाही.

मग त्यांनी तांब्या उचलला. ते पिणार हे कळलं, तशा आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त घोट ऐकले. एक, दोन, तीन, आणि तांब्या खडकावर ठेवल्याचा आवाज.

"प्या आता," अप्पा म्हणाले. "झेरॉक्सबाई, आदी तू. सगळ्यात मागं ऱ्हायलेलं आदी."

उतरताना हनीफभाई त्यांच्या एका बाजूला होते, मी दुसऱ्या. त्यांचा डावा हात छातीवर जाऊन जाऊन परत खाली यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मठात गेले. मीही गेले, लांब उभी राहिले. समाजाची पाच-पंचवीस माणसं जमली होती. स्वामींनी विचारलं, "कालपासून उपाशी आहात ना?" कुणाला काही कळण्याचं कारण नव्हतं. आमच्यातल्या कुणी तोंड उघडलं नसतं. अप्पा म्हणाले, "उपाशी न्हाई. वरच पानी पिलो. खाली येऊन भाकर बी खाल्ली." मंडपात कुजबुज झाली. स्वामींनी विधी केला आणि नवं लिंग अप्पांच्या हातावर ठेवलं. पण मी अक्कांकडे बघत होते. अप्पा 'पिलो' म्हणाले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बाहेर पडताना मी वाकून नमस्कार करायला गेले तर त्या पाय मागं घेऊन पुढं निघून गेल्या.

त्यानंतर अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. रोज दुपारी डबा घेऊन माझ्या दुकानावरून जायच्या, पण मान वळवायच्या नाहीत. लिंग गेलं याचा राग त्यांनी कदाचित सोडलाही असता. पण अख्ख्या आयुष्यात नेम न मोडलेला आपला माणूस चारचौघांत पाणी प्यायला, तेही माझ्या हट्टापायी, हे त्यांना सोसवत नव्हतं. मला ते कळत होतं. मी अप्पांना म्हणाले, "अक्कांना सांगा ना काहीतरी." अप्पांनी बराच वेळ गूळ फोडत बसून मग उत्तर दिलं, "तिनं इचारलं तर सांगीन. इचारना ती." एवढ्या वर्षांच्या संसारात त्या दोघांमध्ये हा एक दगड माझ्यामुळं पडला होता.

पुढच्या वर्षी होळीच्या आधी अप्पांनी पुन्हा पिशव्या मागवल्या. मला वाटलं होतं, ते दुसरा डोंगर धरतील. पण जीप तिकडेच वळली. माथ्यावर त्यांनी त्याच खडकावर पूजा केली, या वेळी डबीला नवा, जाड दोरा होता. दोन-तीन जण म्हणाले, "अप्पा, पुन्हा एकदा खाली शोधतो." अप्पांनी हात वर केला. "काय शोधता? हरवलं कुटं हाय ते? हितंच हाय." मग कड्यापासून पार त्या पाण्याच्या तुकड्यापर्यंत सगळीकडे नजर फिरवून हसत म्हणाले, "आता अख्खा डोंगर गळ्यात घालायचा म्हनलं तर माजी मान पुरंना." आम्ही हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

तो त्यांचा शेवटचा मोठा डोंगर. त्या पावसाळ्यात त्यांचे गुडघे गेले. मग आम्हीच डोंगराला जायचो, ते पिशव्या तोलायचे आणि आल्यावर हालहवाल विचारायचे. मी दुकानात भांडणं करायची बंद झाले होते. कधी झाले ते मला आठवत नाही. गिऱ्हाइकांनाच आधी कळलं असणार. अप्पा गेले ते भर दुपारी, गादीवर बसल्या बसल्या, समोर गिऱ्हाईक असताना. लिंगायतांत माणसाला बसवून मातीत ठेवतात. बसलेल्या अप्पांच्या डाव्या तळहातावर ते नवं लिंग ठेवलं होतं. हनीफभाई माझ्या शेजारी उभे होते. ते खाली बघत नव्हते, वर बघत होते.

तिसऱ्या दिवशी मी घरी भेटायला गेले. बायकांनी खोली भरली होती. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्या सुनेला म्हणाल्या, "हिला आत घेऊन ये," आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. मी गेले. त्यांनी दार ओढून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"एक इचारते. खरं सांगशील?"

"विचारा, अक्का."

"तेंनी पानी पिलं तवा… तेंचं त्वांड कसं झालतं?"

या बाईला उत्तर द्यायला मी दोन वर्षं तयार होते. चूक माझी, हट्ट माझा, सगळं तोंडपाठ करून ठेवलं होतं. पण तिला हवं होतं ते नेमकं माझ्याजवळ नव्हतं.

"मी बघितलं नाही, अक्का," मी म्हणाले. "माझी मान खाली होती."

"आन बाकीचे?"

"कुणीच नाही बघितलं. हनीफभाईंनी नाही, सरांनी नाही, त्या वनरक्षकानंसुद्धा नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या."

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "मला वाटायलतं, तुमी सगळे टकामका बघायलते," त्या म्हणाल्या. "आन हे एकटेच मदी बसून पानी पियालते. दोन वरसं मला तेच दिसायलतं." मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "कुनीच न्हाई बगितलं?"

"कुणीच नाही."

"म्हंजे तेवढं तेंचं आन महादेवाचंच ऱ्हायलं," अक्का म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून माझ्या खांद्यावर कोसळल्या. अप्पांना मातीला नेलं तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या, असं सुनेनं मला नंतर सांगितलं.